नव्या गाडीचं ऑइल घरी बदलताना

इंजिनाच्या तळाशी असलेला ऑइल सोडायचा बोल्ट जुन्या पद्मिनी गाडीच्या जमान्यात होता तसाच आजही आहे. तो सोडायचा, काळं ऑइल घमेल्यात येऊ द्यायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट आवळायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. हाताला सवय असली तर तास-दीड तासाचं काम. तरी नवी गाडी म्हटली की माणसं बिचकतात. बोनेट उघडावं तर इंजिनावर प्लास्टिकचं झाकण, खाली वाकून पाहावं तर तिथंही प्लास्टिकच, डॅशबोर्डवर पान्याचं चित्र असलेला दिवा, आणि वर सर्व्हिस सेंटरवाल्याची ‘वॉरंटी जाईल हं’ अशी तंबी. यातली निम्मी भीती फुकाची आहे. उरलेली निम्मी खरी आहे, पण तिचा बोल्टाशी फारसा संबंध नाही. डब्यात कुठलं ऑइल आहे आणि ते किती ओतलं, यावर नव्या इंजिनाचं बरंवाईट ठरतं.

जुन्या इंजिनात ऑइलला ठरलेली कामं होती. धातूवर धातू घासू न देणं, उष्णता वाहून नेणं, काजळी आणि कचरा आपल्यात धरून ठेवणं. ती आजही आहेतच. मात्र आता ऑइल इंजिनाचे काही भाग स्वतःच्या दाबानं हलवतंही. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ वेगानुसार बदलते. कॅमशाफ्टच्या टोकाला एक चाकासारखा भाग असतो, त्याच्या आतल्या कप्प्यांत दाबाखालचं ऑइल सोडलं की कॅमशाफ्ट काही अंश पुढं किंवा मागं फिरतो. ऑइल कुठल्या कप्प्यात सोडायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर एका छोट्या विजेच्या व्हॉल्व्हमधून ठरवतो. त्या व्हॉल्व्हच्या वाटा अगदी बारीक असतात. टायमिंग चेन ताणून धरणारा दट्ट्यादेखील बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या दाबावरच चालतो. सकाळी गाडी चालू केल्यावर पुढून क्षणभर खडखड ऐकू येते, ती अनेकदा त्या दट्ट्यापर्यंत ऑइल पोचेपर्यंतची असते. टर्बो असेल तर त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचाच.

म्हणून ‘आपल्याकडे गरमी फार, जरा जाड ऑइल टाकू’ हा गॅरेजमधला आपुलकीचा सल्ला नव्या गाडीला लागू पडत नाही. त्यामागचा तर्क चुकतो कुठं ते पाहू.

डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातल्या वागण्याचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं त्याचा. पहिला आकडा कमी असला की ‘हे बर्फाळ देशातलं ऑइल’ असं वाटतं, कारण त्याची चाचणी खरोखरच उणे ३५ अंशांवर होते. पण इंजिनाच्या दृष्टीनं पुण्यातली पंधरा अंशांची सकाळही थंडच, आणि नागपुरातली मे महिन्यातली चाळीस अंशांची दुपारसुद्धा थंडच. ०डब्ल्यू-२० ऑइलचा दाटपणा ४० अंशांना साधारण ४५ सेंटीस्टोक असतो. १०० अंशांना तो आठ-साडेआठवर येतो. म्हणजे भर उन्हाळ्यात उभ्या असलेल्या गाडीतलं हे ‘पातळ’ ऑइलसुद्धा चालत्या इंजिनातल्यापेक्षा पाचपट दाट असतं. जुनं २०डब्ल्यू-४० घेतलं तर ४० अंशांना तो आकडा शंभराच्या वर जातो. ते बारीक वाटांतून वर चढेपर्यंत कॅमशाफ्ट कोरडा फिरत राहतो.

आणि गाडी तापल्यावर? बाहेर वीस अंश असोत की पंचेचाळीस, थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे ऑइलही त्याच टापूत राहतं. इंजिन बनवणाऱ्यानं बेअरिंगमधली फट, पंपाचा दाब, व्हॉल्व्हच्या वाटा हे सगळं त्या तापमानाच्या एका ठरावीक दाटपणाला धरून आखलेलं असतं. मारुतीच्या १.२ लिटर के-सिरीज पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० आणि नंतरच्या काहींना ०डब्ल्यू-१६ सांगितलं आहे. यात मायलेजचा हिशोब आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणून दोन पायऱ्या जाड ऑइल टाकणं हे त्याचं उत्तर नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत तापमानाप्रमाणे एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील तर त्यांतली जाड बाजूची निवडायला हरकत नाही. घाटात सामान लादून फिरणाऱ्यानं ती जरूर निवडावी. पुस्तिकेच्या बाहेर जाऊ नये, एवढंच.

ग्रेडइतकंच महत्त्व दर्जाच्या अक्षरांना आहे. पेट्रोलसाठी एपीआय एसपी हा दर्जा मे २०२० पासून आला. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या इंजिनांत कमी वेगावर जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचं आणि पिस्टन फुटायचे. त्याला ऑइलमधली काही रसायनंही कारणीभूत होती. नव्या दर्जात ती बदलली आहेत. तेव्हा टर्बो पेट्रोलवाल्यानं डब्यावर निदान ‘एसपी’ ही अक्षरं शोधावीत. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी बसली. ती काजळी अधूनमधून जाळून टाकते, पण ऑइल जळून उरलेली राख तिला जाळता येत नाही. राख साचतच जाते. त्यामुळे अशा डिझेलला कमी राखेचंच ऑइल लागतं. डब्यावर त्याची खूण सहसा सी२, सी३ अशी असते, कंपनीचा स्वतःचा क्रमांकही असू शकतो. बीएस-४ च्या दिवसांतला अर्धा उरलेला डबा घरात असेल तर तो या गाडीत जाता कामा नये.

आता वॉरंटी. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. कागदावर हे सगळं चांगलं आहे, पण इंजिनाचं काही निघालं आणि कंपनीनं ‘सर्व्हिसची नोंद दाखवा’ म्हटलं, तर भांडायला तुम्हीच उभे राहणार. शिवाय सुरुवातीच्या सर्व्हिस मजुरीविना असतात. मारुतीत त्या १,०००, ५,००० आणि १०,००० किलोमीटरला येतात. पैसे फक्त मालाचे. त्या घरी करण्यात शहाणपण नाही. माझ्या मते घरच्या ऑइल बदलाच्या खऱ्या जागा दोन. एक, वॉरंटी संपल्यानंतर. दुसरी, वॉरंटीत असतानाच दोन ठरलेल्या सर्व्हिसच्या मधे, जास्तीची म्हणून. पुस्तिका दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते. पण रोज मुंबईच्या रहदारीत दीड तास रखडणाऱ्या, किंवा शाळा-बाजार एवढ्याच दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर न वाढताच थकतं. इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. बऱ्याच पुस्तिकांत अशा वापराला ‘सिव्हियर’ म्हणून वेगळा, लवकरचा मुक्काम दिलेला असतो. तो रकाना सहसा कुणी वाचत नाही.

सामानाची यादी छोटी आहे. ऑइल, फिल्टर, बोल्टखाली बसणारं नवं वायसर, बोल्टाच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट (हा बोल्ट बहुधा १४ किंवा १७ नंबरचा असतो), फिल्टर सोडवायचा टोपीसारखा पाना, निदान पाच लिटरचं पसरट घमेलं, नरसाळं, हातमोजे, चिंध्या आणि जमिनीवर अंथरायला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर पुठ्ठा दुहेरी अंथरा. पेव्हर ब्लॉकवरचा ऑइलचा डाग वर्षभर जात नाही आणि सेक्रेटरी तेवढंच लक्षात ठेवतात. टॉर्क पाना मिळाला तर फारच उत्तम. फिल्टर कंपनीचाच घ्या. मारुतीसारख्या गाडीत तो शे-दीडशे रुपयांच्या घरात मिळतो, तिथं पन्नास रुपये वाचवून काही साधत नाही. चांगल्या फिल्टरच्या आत रबराचा एक पडदा असतो, तो गाडी बंद असताना ऑइल परत खाली ओघळू देत नाही. स्वस्त फिल्टरचा पडदा ताठरला की रोज सकाळी इंजिन काही सेकंद ऑइलविना फिरतं.

ऑइल घेताना दुकान ओळखीचं असू द्या. नामांकित कंपन्यांच्या डब्यांत भेसळीचं ऑइल भरून विकण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. झाकणाची कडी अखंड आहे का, झाकणाखालचं सील जागेवर आहे का, बॅच नंबर आणि तारीख नीट छापली आहे का, स्कॅन करायचा कोड असेल तर तो उघडतो का, एवढं पाहावं. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं; बिल तुम्हाला पुढेही लागणार आहे.

कामाच्या दिवशी गाडी सपाट जागेवर घ्या आणि इंजिन चार-पाच मिनिटं चालवा. कोमट ऑइल पटकन उतरतं आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येतं. लांबून आलेली गाडी लगेच उघडू नका. तेव्हा ऑइल शंभर अंशांच्या जवळपास असतं आणि मनगटावर आलं तर फोड येतात. कोमट केल्यावरही दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं सगळं ऑइल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, निथळतं.

याच वेळी चावी घरात ठेवून या. बटणानं चालू होणाऱ्या गाडीत चावी खिशात असली आणि कुणा पोरानं आत बसून बटण दाबलं तर इंजिन चालू होईल. हायब्रिड गाडीत तर हे पथ्य दुप्पट पाळायला हवं. ती ‘रेडी’ अवस्थेत असली की इंजिन गप्प असतं, पण बॅटरी उतरताच कुणी न सांगता ते सुरू होतं. तुम्ही तेव्हा खाली असाल आणि संपमध्ये ऑइल नसेल.

गाडी वर घेणं हा या साऱ्या कामातला एकमेव जिवाशी खेळ. डिकीतला कात्री जॅक चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्यावर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नये. विटांच्या चवडीवर तर मुळीच विश्वासू नये, वीट आधी न सांगता फुटते. दोनच बरे मार्ग आहेत. पुढची चाकं चढवायला लोखंडी उतार मिळतात, ते सगळ्यात सोपे. नाहीतर ट्रॉली जॅकनं उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दोन स्टँड लावायचे. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला जवळजवळ दोन खाचा दिसतात, त्यांच्यामधली जागा त्यासाठीच मजबूत केलेली असते. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ‘पी’वर, मागच्या चाकांमागे लाकडी ठोकळे. मग गाडीला दोन्ही हातांनी चांगलं हलवून पाहा. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. उंच एसयूव्ही असेल आणि हात पोचत असेल तर गाडी उचलायची गरजच नाही. ज्याला खाली शिरायचं नाही त्याला डिपस्टिकच्या नळीतून ऑइल वर ओढून घेणारा पंप मिळतो. फिल्टर वरच्या बाजूला असलेल्या इंजिनात तो झकास चालतो.

खाली शिरल्यावर आधी दिसतं ते प्लास्टिकचं संरक्षक कव्हर. काही गाड्यांत त्याला बोल्टासाठी खिडकी असते, काहींत पूर्ण उतरवावं लागतं. १० नंबरचे काही स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपा असतात. क्लिपेच्या मधलं बटण चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं अलगद उचकटलं की ती निघते. तशीच ओढली तर तुटते. कुठला स्क्रू कुठून काढला त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते. कव्हरमध्ये झाडाची पानं, चिखल, क्वचित उंदरानं साठवलेलं काहीबाही सापडतं.

यानंतर घाई करू नका, बोल्ट ओळखा. इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींच्या तळाशी ऑइल सोडायचे बोल्ट असतात. इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल सांडून मग इंजिनात डबल ऑइल भरणारे लोक दरवर्षी निघतात, आणि एका चुकीत दोन्ही यंत्रं गोत्यात येतात. ओळख अशी: ज्या बाजूला अल्टरनेटर-एसीचा पट्टा फिरतो ते इंजिन, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. इंजिनाच्या संपमधून आलेलं ऑइल वापरलेलं, तपकिरी-काळं असतं. बाहेर स्वच्छ लालसर किंवा पिवळट काही आलं तर तिथल्या तिथे बोल्ट परत लावा.

वर जाऊन ऑइल ओतायचं झाकण उघडा, म्हणजे हवा आत येते आणि ऑइल गुळगुळ न करता सलग पडतं. मग सॉकेट बोल्टावर पूर्ण बसवून बोल्टाच्या डोक्याकडे पाहत डावीकडे फिरवा. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका, डोकं गोल होतं. पहिला हिसका बसला की पुढचं बोटांनी. शेवटच्या आट्यांना बोल्ट आत दाबत फिरवायचा, आणि आटे संपल्याचं जाणवलं की झटकन बाजूला ओढायचा. पहिली धार सरळ खाली पडत नाही. ती तिरकी, वीत-दीड वीत लांब जाते, मग ऑइल कमी होईल तशी जवळ येत येत बोल्टाच्या भोकाखाली येते. घमेलं आधी लांब, मग जवळ सरकवत राहावं. जोराचा वारा असेल तर शेवटची बारीक धार घमेल्याबाहेर जाते, पुठ्ठा त्यासाठीच.

निथळायला दहा-पंधरा मिनिटं द्या, आणि तोवर ऑइल पाहा. काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये नवं ऑइल अगदी थोड्या दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. पाहायचं ते वेगळंच. दुधी किंवा मळकट कॉफीसारखा रंग असेल तर पाणी मिसळतंय. बोटांवर घेतल्यावर सोनेरी-चंदेरी कण चमकले तर बेअरिंग झिजतंय. पेट्रोलचा किंवा डिझेलचा उग्र वास आला आणि पातळीही वाढलेली होती, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. बीएस-६ डिझेलमध्ये हे विशेष दिसतं: काजळीची जाळी तापवायला सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल फवारलं जातं, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि ते डिझेल पिस्टनच्या कडेनं खाली उतरतं. ‘माझी गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते’ असं कुणी कौतुकानं सांगितलं तर त्याला हे समजावून सांगा. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप जमलेला दिसेल. तो पुसून टाकायचा. लेप चालतो, तुकडे चालत नाहीत.

बोल्ट परत लावताना जुनं वायसर काढून नवं घाला. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं ते वायसर आवळताना चेपतं आणि त्यामुळेच गळती थांबते. एकदा चेपलेलं पुन्हा तसं चेपत नाही. जुनं कधीकधी संपला चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर बसवलं जातं, तेव्हा बोट फिरवून खात्री करा. बसण्याची जागा पुसा, बोल्ट पूर्ण बोटांनी फिरवत न्या. तो दोन आट्यांत अडला तर तिरका गेला आहे. सोडवून पुन्हा सुरुवात करा. शेवटचं आवळणं बेतानं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा आकडा ३० ते ४० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पाहून घ्या. ३५ न्यूटन मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर. आपला हात अंगात आलं की याच्या दुप्पट सहज लावतो. संप ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात, आणि मग आटे नव्यानं बसवून घ्या किंवा संपच बदला. शे-पाचशे वाचवायला गेलेल्याच्या हाती धुपाटणं येतं ते इथं. काही युरोपीय इंजिनांत तर संप प्लास्टिकचा आणि बोल्टाऐवजी पाव फेऱ्याची प्लास्टिकची गुडदी असते. तिथं ताकद लावायचा प्रश्नच येत नाही, गुडदी नवी घालायची.

फिल्टर दोन जातींचे. डब्यासारखा गोल फिल्टर हातानं किंवा टोपी पान्यानं सुटतो. स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याची जुनी गॅरेज विद्या इथं नको, पत्रा फाटतो आणि बुडखा तसाच अडकून बसतो. सुटताना त्यातूनही ऑइल ओघळतं, खाली चिंधी धरा. निघाल्यावर पाहा: जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का, की इंजिनाला चिकटून राहिली? तिच्यावर नवी रिंग बसली तर गाडी चालू करताच दोन रबरांच्या फटीतून सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटानं नवं ऑइल लावा, हातानं फिरवत न्या, रबर टेकलं की तिथून साधारण पाऊण फेरा. फिल्टरवर बहुधा चित्रासकट छापलेलं असतं. पाना फक्त सोडवायला, लावायला हात पुरतो. दुसरी जात म्हणजे प्लास्टिकच्या टोपीत घालायचा कागदी फिल्टर. त्याच्याबरोबर नवी गोल रिंग येते. जुनी काढून नेमक्या त्याच खाचेत ती बसवायची आणि टोपीवर कोरलेल्या आकड्याइतकंच आवळायचं.

आता भरणं. १.२ लिटर, चार सिलिंडरच्या इंजिनात फिल्टरसकट तीन-साडेतीन लिटर जातं. पुस्तिकेत फिल्टरसकट आणि फिल्टरविना असे दोन आकडे असतात, त्यातला पहिला आपला. त्याहून पाव लिटर कमी ओता. झाकण लावा, चावी आणा, इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. रिकामा फिल्टर भरेपर्यंत तो अंमळ जास्त रेंगाळतो, तोवर ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. विझला नाही तर बंद करा. विझला तर मिनिटभर चालू ठेवा आणि खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर टॉर्चनं पाहा. मग बंद करून, गाडी सपाट जागेवर उतरवून पाच मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन्ही बाजूंनी पाहा. जी बाजू कमी दाखवेल ती खरी. वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं वाढवत न्या.

जास्त झालं तर काढावं लागतं, ‘असू दे, खाईल इंजिन’ हे चालत नाही. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला भिडतो आणि ताक घुसळल्यासारखा फेस काढतो. फेस म्हणजे हवा, आणि हवा दाबता येते. कॅमशाफ्ट फिरवणारे कप्पे आणि चेन ताणणारा दट्ट्या ज्या ठाम दाबावर विसंबलेले, तोच मग लेचापेचा होतो. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी पडद्यावर दिसते. तिथं गाडी सांगेल तितकी तापवून, सांगेल तितकं थांबूनच वाचावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा पातळी आणि जमीन, दोन्ही पाहून घ्या. संरक्षक कव्हर लावून टाकायची घाई करू नये असं माझं मत. गळती झालीच तर कव्हर ती आठवडाभर लपवून ठेवतं.

डॅशबोर्डवरचा पान्याचा दिवा विझवणं सगळ्यात किरकोळ. बहुतेक गाड्यांत तो पडद्यावरच्या सेटिंगमधून किंवा ट्रिपचं बटण दाबून धरून शून्यावर येतो; पुस्तिकेत कृती असते. हा दिवा बहुधा किलोमीटर आणि दिवस मोजतो, फार तर गाडी कशी चालवली त्याचा हिशोब धरतो. ऑइल हातात घेऊन तपासत नाही. बदललं तरी तो पेटलेलाच राहील, आणि न बदलता शून्यावर आणला तर खुशाल गप्प बसेल. ऑइल-फिल्टरची बिलं, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो आणि तारीख एकत्र ठेवा. गाडी विकताना घेणारा नेमकं तेच विचारतो.

राहिलं घमेल्यातलं जळकं ऑइल. आपल्याकडे त्याला गिऱ्हाइकांची वाण नाही. गावाकडे बैलगाडीच्या आसाला, कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून, शहरात सेंट्रिंगच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते लावतात. कामगार ते उघड्या हातांनी पोतेऱ्यानं फासत असतात. इंजिनात तापून त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगं आणि धातूंचे कण जमा झालेले असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा आकडा आहे की एका गाडीच्या एका ऑइल बदलातलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी बाधित करू शकतं. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतलं की पहिल्या पावसात ते कुठं जातं ते वेगळं सांगायला नको. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं, आणि ते फक्त नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. त्याच्यापासून पुन्हा चांगलं मूळ ऑइल बनतं, त्यामुळे त्याला भावही असतो.

जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. नव्या ऑइलचा रिकामा झालेला डबा जळकं ऑइल भरायला नेमका पुरतो. त्यात पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल असलं काही मिसळू नका, मिसळलेलं कुणी घेत नाही. डब्याचं लेबल फाडून, झाकणाच्या बाजूला ब्लेडनं चीर देऊन ठेवा म्हणजे तोच डबा पुन्हा भरून दुकानात उभा राहणार नाही. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये न्या. तिथल्या कोपऱ्यात जळक्या ऑइलचा बॅरल असतोच. आधी फक्त विचारा, हा बॅरल कोण नेतं? उत्तर ‘सेंट्रिंगवाले’ असं आलं, तर पुढच्या गॅरेजात विचारा.